बिरप्पाआबांसाठी माईक

सोलापुरात बेगम पेठेत, जिथं भर दुपारीही स्कूटर सरळ काढता येत नाही अशा एका गल्लीत फकीरभाई मुलाण्यांचं साउंडचं दुकान आहे. पाटी मोठी आणि दुकान लहान. गिऱ्हाईक आत आलं की समोरचा माईक उचलतं आणि सवयीनं म्हणतं, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग." फकीरभाई शांतपणे तो माईक त्याच्या हातातून काढून घेतात.

"हॅलो कुठल्याही माईकमधून चांगलंच येतंय. पापड म्हणा. सासू म्हणा. भाकरी म्हणा."

गिऱ्हाईक लाजतं, पण म्हणतं. पापड म्हणताना फटफट वाजलं तर तो माईक वाऱ्याला भितो. सासू म्हणताना शिट्टी आली तर तासाभरात ऐकणाऱ्याचं डोकं उठवतो. आणि भाकरी म्हटल्यावर खालचा आवाज किती भरतो ते कळतं. ही परीक्षा फकीरभाईंची स्वतःची. कुठल्याही कंपनीच्या कागदावर ती छापलेली नाही, आणि कंपनीच्या कागदावर काय छापलंय याच्याशी त्यांना फारसं देणंघेणंही नाही. चौतीस वर्षं जत्रा, लग्नं, कीर्तनं, कव्वाल्या आणि निवडणुका वाजवल्या आहेत. माणूस बोलायला उभा राहिला की त्याचं तोंड बघूनच ते सांगतात, हा माईक गिळणार की हातभर लांब धरणार.

त्यांची मतं पक्की आहेत आणि विचारली नाहीत तरी ते सांगतात. गाणाऱ्याला वायरचाच माईक द्यावा. दोन हजारात दोन कॉर्डलेस मिळतात याचा अर्थ दोन खेळणी मिळतात, सेल संपले की दोन्ही मुकी. दीड हजाराच्या आत गाण्याचा चांगला माईक मिळतो, फक्त तो शोधावा लागतो. हाताला जड लागला पाहिजे. मान हलवली तर आतून खडखड येता कामा नये. त्याला समोरचं तेवढं ऐकू यावं, मागचं ऐकू येऊ नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तोंडावरची जाळी फिरवून निघाली पाहिजे. कारण आमच्या भागात देवाच्या कार्यात भंडारा उधळतात. ती हळद जाळीच्या आतल्या स्पंजात जाऊन बसते आणि दोन जत्रांनंतर गाणारा नाक धरून गातोय असं वाटायला लागतं. फकीरभाईंच्या घरी दर पंधरा दिवसांनी चहाच्या गाळणीत ते स्पंज धुऊन वाळत घातलेले असतात. पाहुण्यांना वाटतं, ही काही मिठाई आहे.

ते धुण्याचं काम त्यांच्या बायकोचं, गुलबानोभाभींचं. वायरींना डाख देण्याचंही त्यांचंच. दुकानामागच्या खोलीत त्या पाटावर बसतात, शेजारी एक जुना स्पीकर. फकीरभाई पुढं गिऱ्हाईकाला चार-पाच माईक एकामागून एक देतात, आवाज मागच्या स्पीकरमधून येतो आणि कोण गातंय, कुठला माईक, किती किमतीचा, यातलं काहीच न बघता भाभी आतून सगळ्यात चांगल्याचा आकडा सांगतात. पंचवीस वर्षं हा असाच रिवाज आहे. पुढं बसलेल्याच्या कानाला डोळे फसवतात, असं फकीरभाईच लोकांना समजावून सांगतात. ही एवढी अक्कल लोकांना वाटणाऱ्या माणसानं गेल्या वर्षी जे केलं, ते आता सांगायचं आहे.

मंगळवेढ्याच्या पलीकडं तांबडमाळ नावाची वस्ती आहे. सगळी मेंढपाळांची घरं. बिरोबाचं देऊळ, देवळापुढं उघडा माळ आणि माळाच्या टोकाला एक कडुनिंब. तिथल्या जत्रेचं साउंड मुलाण्यांकडं दोन पिढ्या आहे. फकीरभाईंचे वडील सायकलला भोंगे बांधून जायचे. फकीरभाई पहिल्यांदा गेले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते, आणि त्या दिवशी बिरप्पाआबांनी ओवीची पहिली हाक घातली आणि भोंग्याचा पडदा फाटला. बाप चिडण्याऐवजी हसला होता. एवढा आवाज माणसाच्या छातीत मावतो कसा, हे कोडं फकीरभाईंना पुढं बरीच वर्षं होतं. आबा म्हणजे तिथले ओवीचे म्होरके. ते एक ओळ टाकतात आणि मागचे झीलकरी ती उचलून धरतात.

गेल्या वर्षी जत्रेच्या आठ दिवस आधी आबा स्वतः एसटीनं सोलापुरात आले. सोबत मुलगा ज्ञानबा आणि पंच कमिटीचा अजिनाथ. आबा सत्तरीचे. गळ्याला मफलर. दुकानात बसल्यावरही त्यांनी मफलर सोडला नाही.

"घशात गाठ निघालीया," ते म्हणाले. आवाज कागद चुरगळल्यासारखा आला. "जत्रा झाली की कापायची. मागनं आवाज ऱ्हाईल का न्हाय, डाक्टरला बी ठावं न्हाय. तवा औंदा नाव द्यायचं हाय, मुलाणी."

फकीरभाईंना हे नाव देणं म्हणजे काय ते माहीत होतं. तांबडमाळावर म्होरक्या बदलतो तो ओवीतच. जुना म्होरक्या देवाच्या जन्माची ओवी गातो आणि शेवटच्या चरणात पुढच्याचं नाव घालतो. नाव आधी कुणालाच सांगायचं नाही, बायकोलाही नाही. परक्या गावचा, पण इथल्या गाणाऱ्यांना ओळखणारा एक माणूस पार टोकाला कडुनिंबाखाली भंडारा घेऊन उभा असतो. त्याला नाव ऐकू आलं, की तो गर्दीतून चालत येतो आणि त्या माणसाच्या कपाळी भंडारा लावतो. कुणाला विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही. त्याला ऐकूच आलं नाही, तर नाव दिलंच नाही असं धरतात. आणि नाव चालू असताना ढोल थांबवायचा नाही, देवाची ओवी अर्धी तोडल्यासारखं होतं. पूर्वी चार ढोल असायचे. आता सात गावांचे मिळून तीस असतात.

"मी म्हनलं आबांना," अजिनाथ म्हणाला, "पेनड्राईव्हवर ओवी लावू की. चांगली रेकॉर्ड केलेली हाय. आन् नाव मी माईकवर जाहीर करतो, सगळ्यास्नी ऐकू जाईल."

"मंग ते तू दिल्यालं नाव हुईल," आबा म्हणाले. "मी दिल्यालं न्हाय."

अजिनाथ वाईट माणूस नव्हता. जत्रेला पाच हजार माणूस येतं, आणि ओवी मधेच फाटली तर लोक कमिटीलाच बोलतात. शेवटी असं ठरलं की जत्रेच्या दिवशी दुपारी आबांनी एक ओवी गाऊन बघायची. कडुनिंबापर्यंत गेली तर संध्याकाळी आबा, नाही गेली तर पेनड्राईव्ह. माईकला कमिटीनं दीड हजारापर्यंत मंजुरी दिली होती.

"दीड हजार खूप झाले," फकीरभाई म्हणाले. "आबा, निवांत ऱ्हावा. ही माझी जबाबदारी."

त्यांनी चार माईक काढले. आबांनी कानावर हात ठेवला, डोळे मिटले आणि एकेका माईकवर तीच ओवी गायली. पहिला बरा होता. तिसरा शिट्टी मारत होता. दुसऱ्यावर मात्र आबांनी डोळे उघडले. तो माईक तोंडाजवळ धरला की आवाज भरत होता, खालून जाड होत होता, फाटलेली कड त्यात बुडून जात होती. आबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून फकीरभाईंना आपलं एकोणिसावं वर्ष आठवलं.

"ह्यो हाय," आबा म्हणाले. "ह्यो माजा आवाज."

मग चौथ्यावर उगीच गायचं म्हणून गायले. चौथा नऊशेचा, शाळेच्या भाषणांना देतात तो. त्यात खालचा आवाज जवळजवळ नाहीच. आबांचा घसा त्यातून जसा होता तसा, कोरडा आणि चिरका आला.

आतून भाभींचा आवाज आला, "चार."

फकीरभाई हसले आणि पडद्याआड गेले. घरात दोघांची भाषा दखनी. ते हळू आवाजात म्हणाले, "दो नंबर नै सुने क्या? क्या भरको आरा था."

"सुनी," भाभी म्हणाल्या. डाख देणं थांबवलं नाही. "दो नंबर में कोई तो भी गाया. चार में एक बुड्ढा आदमी गाया, उसका एकेक अक्षर समझा."

"आबा है वो. उनका आवाज मैं पहचानता हूँ."

"तुम पुराना आवाज पहचानते. और तीस ढोल रहते बोले ना वहाँ? ढोल जहाँ है वहींच आवाज कू कायकू लेको जाते? जहाँ ढोल नै, वहाँ लेको जाव."

पंचवीस वर्षांत फकीरभाईंनी भाभींचा आकडा कधी डावलला नव्हता. त्या दिवशी डावलला. बाहेर येऊन त्यांनी दोन नंबर बांधला आणि आबांच्या हातात देऊन म्हणाले, "घरी न्या. सवय करा. जाळीवर हात ठेवू नका, शिट्टी मारतो. मुंडी सोडायची, मान धरायची." आबांनी मेंढरू धरावं तसा तो माईक धरून दाखवला आणि ज्ञानबासुद्धा हसला. असा आनंदात तो सौदा झाला.

जत्रेच्या दिवशी दुपारी बाराला फकीरभाईंनी मशीन मांडलं. स्पीकर देवळाच्या दोन अंगांना, एक जोडी माळाच्या मध्यावर. ढोल हळूहळू जमत होते. तीस पुरे झाल्यावर जमीन पायाखाली थरथरायला लागली. आबांनी कानावर हात ठेवला आणि ओवी सुरू केली. मशीनपाशी उभं राहून फकीरभाईंना ती सुरेख वाटली, भरलेली, जुन्या दिवसांची. तरी धंद्याची सवय म्हणून ते हेडफोन काढून चालत निघाले. मध्यावर आले तेव्हा शब्द पुसट झाले. कडुनिंबाखाली पोचले तेव्हा ढोल होता आणि ढोलाच्या आत कुठंतरी एक घरघर होती. माणूस गातोय एवढं कळत होतं. काय गातोय ते कळत नव्हतं.

फकीरभाई तिथंच उभे राहिले. आवाज वाढवून उपयोग नव्हता, वाढवला की घरघर वाढणार. त्यांनी आबांना जाड केलं होतं आणि ढोलही जाडच होता. बायकोनं हेच सांगितलं होतं, तेही फुकट. आपल्याला आबांचा आवाज चांगला लावायचा नव्हता, आपल्याला आबा म्हातारे झालेले ऐकायचे नव्हते, हे त्यांना त्या झाडाखाली उभं राहून एकदम कळलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

परत येईपर्यंत अजिनाथ पेनड्राईव्ह हातात घेऊन मशीनपाशी उभा होता. तोही टोकापर्यंत जाऊन आला होता.

"मुलाणी, न्हाय गेलं की. लावा आता ह्यो."

"अर्धा तास द्या," फकीरभाई म्हणाले. "अर्ध्या तासात न्हाय गेलं तर मीच लावतो. माझ्या हातानं."

अजिनाथनं घड्याळ बघितलं आणि मान डोलावली.

फकीरभाईंनी पेटी उघडली. नऊशेचा तो माईक फडक्यात गुंडाळून तळाशी ठेवलेला होता, त्यांनी ठेवला नव्हता तरी. जाळी काढली तर आत भाभींनी धुतलेला स्पंज. त्यांनी वायर बदलली, मशीनवरचा खालचा आवाज पार काढून टाकला आणि माईक आबांकडं नेला. आबांनी एक ओळ टाकली. ढोलाच्या वरून ती सरळ निघाली, चिरलेली, कोरडी, पण निघाली. आबा थांबले. त्यांनी स्पीकरकडं बघितलं, मग माईककडं.

"ह्यो नगं," ते म्हणाले. "मगाचाच दे."

"आबा, मगाचा टोकाला जात न्हाय."

"ह्यो कोन म्हातारा वरडतोय त्यातनं? येवढी माणसं आल्यात. माजं हासं करतूस का, मुलाणी?"

ज्ञानबानं वडिलांचा हात धरला, पण आबांनी तो सोडवून घेतला. त्यांचे डोळे भरले होते. जमलेले झीलकरी खाली बघत उभे होते. त्यांच्यात धनाजी नावाचा एक पन्नाशीचा गडी होता, वीस वर्षं आबांच्या डाव्या हाताला उभा राहून झील धरणारा. आबांच्या नात्यातला नव्हता.

फकीरभाईंना खोटं बोलता आलं असतं. मशीनमध्ये गडबड आहे, नंतर सुधारेल, असं कितीतरी म्हणता येतं, धंद्यात रोज म्हणतात. त्यांनी माईक बंद केला आणि आबांच्या समोर मातीत बसले.

"आबा, मगाचा माईक मी चुकीचा दिला. तुमच्या आवाजावर माझी माया हाय म्हणून दिला. त्यात तुमी तरणे वाटताय, पर कुनालाच काय कळत न्हाय. ह्यात तुमी जसं हाय तसं जाताय. पार कडुनिंबापातूर. आता तुमी सांगा. चांगलं वाटायचं हाय का नाव द्यायचं हाय?"

ढोलवाले थांबले होते, कुणीतरी पाणी पीत होतं. मग आबांनी गळ्याचा मफलर सोडला, घडी घालून ज्ञानबाकडं दिला आणि माईकची मान धरली.

"सत्तर वर्साचा हाय," ते म्हणाले. "सत्तर वर्साचाच ऐकू दे."

पुढच्या ओवीला अजिनाथ स्वतः कडुनिंबाखाली जाऊन उभा राहिला. तिथून त्यानं हात वर केला. परत आला तेव्हा पेनड्राईव्ह त्याच्या हातात नव्हता, आणि फकीरभाईंनीही त्याचं काय झालं ते विचारलं नाही.

दिवस कलला तसा माळ भरला. टोकाला बोरगावचा कुणी पाहुणा, खांद्यावर घोंगडं आणि हातात भंडाऱ्याची पिशवी घेऊन, कडुनिंबाला पाठ लावून उभा राहिला. आबांनी देवाचा जन्म सुरू केला. भंडारा उडायला लागला, माईकची जाळी पिवळी झाली, दोन ओव्यांच्या मधे फकीरभाईंनी दुसरी जाळी फिरवून बसवली आणि मागं सरले. आबांचा आवाज दोनदा फाटला. फाटला तिथं झीलकऱ्यांनी ओळ उचलली आणि आबा पुन्हा आले. सुंदर होतं असं म्हणता येणार नाही. पण गर्दीत बोलणारी माणसं गप्प होत गेली, कारण जे चाललं होतं ते शब्दन्‌शब्द समजत होतं, आणि बऱ्याच वर्षांनी समजत होतं.

शेवटचा चरण आला. तीसही ढोल चालू होते. पुढच्या रांगेतली माणसं आधीच ज्ञानबाकडं बघायला लागली होती. मुलगा, चांगला गळा, झांज त्याच्या हातात. फकीरभाईंनाही त्याचंच नाव येणार याबद्दल शंका नव्हती. आबांनी श्वास घेतला तो माईकमधून सगळ्या माळाला ऐकू गेला.

त्यांनी नाव घेतलं, धनाजी.

मशीनपाशी फकीरभाईंचे हात थांबले. पुढच्या रांगेतल्या अर्ध्या लोकांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. एकमेकांकडं बघत होते, पण विचारायचं नसतं. आता सगळं त्या टोकाच्या माणसावर होतं. त्याला ऐकू गेलं नसेल तर तो एक तर तिथंच उभा राहील, नाही तर सगळ्यांसारखाच अंदाज बांधून ज्ञानबाकडं येईल.

बोरगावचा पाहुणा झाडापासून निघाला. गर्दी वाट देत गेली. तो डावीउजवीकडं न बघता चालत होता, पिशवीत हात घातलेला. ज्ञानबासमोर आला. ज्ञानबाची झांज चालू होती, एकही ठोका हलला नाही. पाहुणा त्याच्यापुढून दोन पावलं पुढं गेला आणि डाव्या बाजूच्या त्या पन्नाशीच्या गड्याच्या कपाळी भंडारा लावला.

धनाजी तसाच उभा होता, हात लोंबकळत. ओवी उघड्यावर पडलेली, ढोल चालू. ज्ञानबाच पहिल्यांदा हलला. झांज काखेत धरून त्यानं बापाच्या हातातला माईक घेतला, वायर सोडवली आणि धनाजीच्या हातात दिला. मग त्याची बोटं जाळीवरून काढून खाली मानेवर बसवली.

धनाजीनं ओळ टाकली. थोडी घाईत टाकली, पण टाकली. बिरप्पाआबा दोन पावलं मागं सरले, झीलकऱ्यांच्या रांगेत धनाजीच्या रिकाम्या जागेवर जाऊन उभे राहिले, कानावर हात ठेवला आणि माईकशिवाय त्याची झील धरली.